वाचकांचे प्रश्न : आयरिसच्या कोणत्या प्रजातींचा संकर जुळतो?

प्रश्न : माझ्या बागेत उंच वाढणारे दाढीवाले आयरिस आहेत आणि हौदाकाठी पिवळ्या फुलांचा आयरिस सूडॅकोरस आहे. पहिल्याचे फूल आणि दुसऱ्याची पाणथळ जागेत तग धरण्याची ताकद एकाच झाडात यावी, म्हणून दर हंगामात मी एकाचे पराग दुसऱ्याला लावतो. परंतु बोंड धरत नाही, धरलेच तर आतल्या बिया पोकळ निघतात. माझे काय चुकते?

उत्तर : आपला हात चुकत नसावा, अडचण निवडलेल्या जोडीत आहे. या दोन्ही वनस्पती आयरिसच असल्या तरी त्या वंशाच्या दोन वेगळ्या उपवंशांतल्या आहेत. आजच्या उंच दाढीवाल्या वाणांत बहुधा 48 गुणसूत्रे असतात, तर सूडॅकोरसमध्ये 34. आकड्यांतील फरकापेक्षाही ही गुणसूत्रे एकमेकांना परकी असणे अधिक आडवे येते. अशा दूरच्या संकरात क्वचित फलन झाले, तरी गर्भाला पोसणारा बीजातील अन्नसाठा नीट तयार होत नाही आणि गर्भ बीजातच उपाशी मरतो. पोकळ बियांचे कारण बहुधा हेच आहे.

ओलाव्यात वाढणारे झाड हवे असेल, तर सूडॅकोरसचा संकर जपानी आयरिस एन्साटाशी करून पाहावा आणि त्यात सहसा सूडॅकोरसलाच मादी ठेवावे. या जोडीतून पाकळीच्या बुडाशी गडद डोळ्यासारखी खूण असलेली देखणी फुले मिळालेली आहेत. ही रोपे जवळजवळ वंध्य असतात, पण आयरिस कंद फोडून वाढवता येत असल्यामुळे फुलासाठी संकर करणाऱ्याने वंध्यत्वाचा बाऊ करू नये.

पुढच्या पिढ्याही हव्या असतील, तर दाढीवाल्या गटातच राहावे. उंच वाणावर बुटक्या आयरिस प्युमिलाचे (32 गुणसूत्रे) पराग लावले, की 40 गुणसूत्रांची रोपे मिळतात. त्यांत उंच पालकाकडून 12-12 चे दोन संच आणि प्युमिलाकडून 8-8 चे दोन संच येतात; प्रत्येक संचाला जोडीदार असल्यामुळे ही रोपे आपसांत उत्तम बी धरतात. हीच रोपे पुन्हा उंच वाणाशी संकरित केली, तर 44 गुणसूत्रांच्या संततीत आठांचा एक संच एकटा पडतो आणि मध्यम उंचीची ती सुंदर झाडे बहुतेक वंध्य निघतात. प्युमिला उंच वाणांच्या बरीच आधी फुलते, म्हणून तिचे परागकोश सावलीत वाळवून, सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डबीत, फ्रीजमध्ये ठेवावे लागतात.

गुणसूत्रांची नुसती संख्या जुळली म्हणजे काम झाले, असेही नाही. नात्यातील जवळीक महत्त्वाची असते आणि ती नावावरून नेहमी कळत नाही. बेलामकांडा आणि पार्डॅन्थोप्सिस हे एके काळी आयरिसहून निराळे वंश मानले जात, तरीही त्यांचा परस्परांशी संकर फळला आणि त्याची संतती जननक्षमही निघाली. आज दोन्ही वनस्पती आयरिसमध्येच गणतात.

कृतीबद्दल थोडेसे. फूल उमलत असतानाच त्याच्या खाली झुकलेल्या तिन्ही पाकळ्या काढाव्यात, म्हणजे मधमाशीला उतरायला जागा राहत नाही. परागकोशही त्याच वेळी चिमट्याने खुडावेत. वर राहिलेल्या पाकळीसारख्या तीन शाखांच्या टोकाजवळ ओठासारखी बारीक पट्टी असते. तीच कुक्षी, आणि पराग तिच्यावरच घासायचे असतात. चिठ्ठीवर आधी मादीचे व नंतर नराचे नाव लिहावे. ही चिठ्ठी नसेल तर पुढचा सगळा खटाटोप निरर्थक ठरतो.

प्रश्न : संकरातून मिळालेल्या भरदार बिया पेरल्या, पण एकही उगवली नाही. कुंडी रिकामी करावी का?

उत्तर : मुळीच करू नये. आयरिसच्या बीजात उगवण रोखणारी द्रव्ये असतात आणि बहुतेक प्रजातींच्या बियांना ओलसर थंडीचे काही आठवडे मिळाल्याशिवाय जाग येत नाही. हिवाळा पुरेसा थंड नसेल, तर ओल्या वाळूत मिसळून त्या फ्रीजमध्ये ठेवता येतात. एकाच बोंडातल्या काही बिया पहिल्या वसंतात, तर काही दुसऱ्या वसंतात उगवतात. तोवर माती कोरडी पडू देऊ नये. पहिले फूल उगवणीनंतर दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी येते.