मायएसक्यूएलचा बॅकअप रोज रात्री आपोआप एसथ्रीवर कसा टाकायचा?

तुमचा प्रश्न असा की भाड्याचा लिनक्स सर्व्हर आहे, त्यावर १२ जीबीचा मायएसक्यूएल डेटाबेस, महिन्यातून एकदा आठवण झाली की पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून एक्सपोर्ट मारून गुगल ड्राइव्हवर टाकता, आता ते रोज रात्री आपोआप एसथ्रीवर (अ‍ॅमेझॉनच्या ऑनलाइन साठवणीत) जायला हवंय, तर कमांड काय. सांगतो, पण आधी माझा घोळ ऐका, कारण मीही तेव्हा फक्त कमांडच विचारली होती.

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचं सॉफ्टवेअर मी बघतो. हळदीचे सौदे, शेतकऱ्याची पट्टी (विकलेल्या मालाचा हिशोब), हमाली, तोलाई, खरेदीदारांची उधारी, सगळं एका डेटाबेसमध्ये. बॅकअपची स्क्रिप्ट नेटवरून उचललेली, एका ओळीची: मायएसक्यूएलडम्प (डेटाबेस फाइलमध्ये उतरवणारं टूल), पाइप (एकाचं आउटपुट पुढच्याला देणारी खूण), जीझिप (फाइल दाबून लहान करणारं), पाइप, आणि तिथून एडब्ल्यूएसच्या, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या, सीपी कमांडने थेट बकेटमध्ये, म्हणजे एसथ्रीवरच्या आपल्या कप्प्यात. पहिला महिनाभर रोज सकाळी बकेट उघडून बघायचो, तारखेची फाइल दिसली की खूश. मग हळूहळू बघणं सुटलं. एका रविवारी डेटाबेसचा पासवर्ड बदलला आणि स्क्रिप्टमधला बदलायचा राहून गेला. पुढे सात आठवड्यांनी एका अपडेट कमांडला व्हेअर (कोणत्या नोंदी बदलायच्या ती अट) लावायचं विसरलो आणि सगळ्या पट्ट्यांवर एकच दर बसला. घाम फुटला, पण म्हटलं बॅकअप आहे की. बकेट उघडली तर कालची फाइल आहे, परवाची आहे, ओळीने सगळ्या आहेत, फक्त प्रत्येकीचा साइझ २० बाइट.

२० बाइट म्हणजे रिकाम्या इनपुटची जीझिप. पासवर्ड चुकल्यामुळे डम्प 'अ‍ॅक्सेस डिनाइड' म्हणून पडत होता, जीझिपला काहीच मिळत नव्हतं तर त्याने ते 'काहीच नाही' व्यवस्थित बांधून पुढे दिलं, आणि अपलोड तर झालाच. पाइपलाइनचा निकाल म्हणून शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) शेवटच्या कमांडचा निकाल धरतं, त्यामुळे सगळं ओके. सात आठवड्यांपूर्वीची शेवटची धड फाइल चढवली, मग दिवाणजींनी कार्बनच्या कच्च्या पट्ट्यांची पुस्तकं काढली आणि आम्ही दोघांनी नऊ दिवस बसून दर परत भरले. ते अजूनही कॉम्प्युटरला 'तुमचा तो डबा' म्हणतात आणि मी गप्प ऐकून घेतो.

मोठ्यांचंही होतं हो. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरकडून चुकून मुख्य सर्व्हरवरचीच डेटाबेसची डिरेक्टरी उडाली, आणि एसथ्रीची बकेट बघतात तर रिकामी, कारण डेटाबेस पोस्टग्रेस (मायएसक्यूएलसारखाच दुसरा डेटाबेस) ९.६ चा आणि डम्प काढणारं टूल ९.२ चं, ते रोज एरर देऊन बंद पडत होतं. एररचे मेल जात होते पण समोरचा मेल सर्व्हर ते नाकारत होता! सहा तास आधी कुणीतरी हाताने काढलेला एक स्नॅपशॉट होता म्हणून निभावलं. हे सगळं त्यांनी स्वतःच जाहीर लिहिलंय.

आता स्क्रिप्ट. ती बॅशचीच (लिनक्सवरचं नेहमीचं शेल) ठेवा आणि वर, बॅशच्या पाथच्या लगेच खाली, 'सेट -ईओ पाइपफेल', म्हणजे मधली कमांड पडली तरी सगळं पडलं असं धरलं जातं. पहिल्या ओळीत बॅशचा पाथ लिहाच, कारण उबुंटूवर नुसतं 'एसएच' म्हणजे डॅश हे दुसरं शेल असतं आणि त्याच्या जुन्या व्हर्जनला पाइपफेल कळत नाही. मायएसक्यूएलडम्पला सिंगल-ट्रान्झॅक्शन द्या, म्हणजे टेबलं लॉक न करता एका क्षणाचं चित्र मिळतं आणि दुकान चालू राहतं. रूटीन्स आणि इव्हेंट्स (डेटाबेसमध्येच साठवलेले प्रोग्राम आणि ठरल्या वेळी चालणारी कामं) हे दोन पर्याय वेगळे द्यावे लागतात, ट्रिगर आपोआप येतात. डम्पने प्रोसेस प्रिव्हिलेज ही परवानगी नाही अशी कुरकुर केली तर नो-टेबलस्पेसेस लावा. पासवर्ड कमांडमध्ये लिहू नका, डॉट माय डॉट सीएनएफ मध्ये ठेवा आणि त्या फाइलला ६०० परमिशन, म्हणजे ती फक्त मालकालाच वाचता-लिहिता येते.

थेट बकेटमध्ये पाइप करण्यापेक्षा १२ जीबीला मी आधी डिस्कवर फाइल उतरवेन, तपासेन, मग चढवेन. तपासायचं काय, तर फाइलची शेवटची ओळ. डम्प पूर्ण झाला की मायएसक्यूएलडम्प शेवटी 'डम्प कम्प्लीटेड ऑन' आणि तारीख लिहितं. झेडकॅट करून (दाबलेली फाइल उलगडून) टेलने (शेवटच्या ओळी दाखवणारी कमांड) ती ओळ बघा, नसेल तर अपलोडच करू नका आणि स्वतःला मेसेज पाठवा. सोबत कालच्या साइझशी तुलना, अर्ध्याहून कमी भरली तरी मेसेज. एवढ्या दोन अटी असत्या तर माझे नऊ दिवस वाचले असते.

क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणाऱ्या सोयीत, दोन खड्डे आहेत. क्रॉनटॅबच्या (त्याच्या वेळापत्रकाच्या फाइलच्या) ओळीत टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ, त्यामुळे फाइलच्या नावात तारीख घालणारी डेट कमांड तिथे लिहिली की ओळ मधूनच तुटते, ती स्क्रिप्टच्या आत लिहा. दुसरं, सर्व्हरचं घड्याळ बहुतेक यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असतं. मी 'रात्री २' लावलं होतं ते आपल्याकडे सकाळी साडेसात निघालं. आता २०:३० लावलंय, म्हणजे आपले रात्रीचे २.

सर्व्हरवर एडब्ल्यूएसची जी की ठेवाल तिला फक्त पुटऑब्जेक्टची (फाइल चढवण्याची) परवानगी द्या, डिलीटची नको, आणि बकेटला व्हर्जनिंग (जुन्या प्रती जपणं) चालू करा. उद्या कुणी सर्व्हरमध्ये घुसलाच तर तो जुन्या फाइलवर नवी टाकू शकेल, पण जुनं व्हर्जन तिथेच राहील. बकेट मुंबई रीजनमध्ये घ्या, साध्या स्टँडर्डला जीबीमागे महिन्याला साधारण दोन-सव्वादोन रुपये पडतात, आमचा ९ जीबीचा डम्प दाबून सव्वा जीबी होतो, म्हणजे महिनाभराच्या सगळ्या फाइली धरून बिल शंभरच्या आत. स्वस्त म्हणून सगळं डीप आर्काइव्हमध्ये (एसथ्रीचा स्वस्त पण संथ वर्ग) ढकलू नका. तिथे फाइल आधी उडवली तरी १८० दिवसांचे पैसे लागतात आणि परत मागितली तर १२ तास थांबावं लागतं, तोवर दुकानदार तुमच्या दारात.

रात्री २ चा डम्प आणि दुपारी ४ ला गडबड, मग मधल्या १४ तासांचं काय? त्यासाठी बिनलॉग, म्हणजे डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंदवही. मायएसक्यूएल ८ मध्ये ते आपोआप चालू असतं आणि ३० दिवस ठेवतं, त्या फाइली दर तासाला बकेटमध्ये चढवा आणि डम्प काढताना सोर्स-डेटा=२ द्या, जुन्या व्हर्जनला मास्टर-डेटा, म्हणजे कुठून पुढे चालवायचं ते डम्पमध्येच लिहिलेलं असतं. मग मायएसक्यूएलबिनलॉगला (या नोंदी वाचून परत चालवायला देणारं टूल) चूक झाली त्याच्या एक मिनिट आधीची थांबायची वेळ सांगायची.

आणि महिन्यातून एकदा कालची फाइल दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून बघा. आमचा डम्प वीस मिनिटांत निघतो पण परत भरायला अडीच तास लागले, हे आधी माहीत असेल तर फोनवर थापा माराव्या लागत नाहीत. मी शेवटच्या पट्टीचा नंबर बघतो आणि मग शेतकऱ्यांची नावं वाचतो. नावं मुद्दाम, कारण जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी मजकूर लॅटिन१ च्या (युरोपियन अक्षरांसाठीच्या एन्कोडिंगच्या) टेबलात कोंबलेला असतो, तो स्क्रीनवर नीट दिसतो पण डम्पमधून जाताना दोनदा एन्कोड होऊ शकतो, आणि 'पाटील' च्या जागी टोप्या घातलेल्या युरोपियन अक्षरांची भेळ दिसते.

तुमची टेबलं इनोडीबी आहेत की मायआयएसएएम (टेबल साठवण्याच्या या दोन पद्धती) ते एकदा शो टेबल स्टेटस मारून सांगा. मायआयएसएएम असतील तर वरचं सिंगल-ट्रान्झॅक्शन काही कामाचं नाही, आधी ती बदलावी लागतील.