बोट सोडण्याआधी: डीपीएच्या कोर्सविषयी एका आईला उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

रत्नागिरीहून पाठवलेले आपले पत्र मिळाले. आपले चिरंजीव २९ वर्षांचे असून बल्क कॅरिअरवर, म्हणजे धान्य, कोळसा असा सुटा माल नेणाऱ्या जहाजावर, सेकंड ऑफिसर आहेत. त्यांचे लग्न ठरत आहे आणि आता त्यांनी मुंबईतच नोकरी धरावी, अशी घरच्यांची इच्छा आहे. एका संस्थेने त्यांना ‘डीपीए’चा तीन दिवसांचा कोर्स सुचवला असून, तो केल्यावर जहाज कंपनीच्या सुरक्षा विभागात जागा मिळेल का, असे आपण विचारले आहे. कोर्स उपयोगाचा आहे. पण त्याच्या भरवशावर त्यांनी आज बोट सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

डीपीए म्हणजे ‘डेझिग्नेटेड पर्सन अशोर’, जहाजांच्या सुरक्षेची जबाबदारी सोपवलेली, किनाऱ्यावर बसणारी कंपनीची व्यक्ती. हे पद का निर्माण झाले, ते कळल्याशिवाय त्याची तयारी कशी करावी, हेही कळणार नाही. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियममधल्या झेब्रुग बंदरातून ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही प्रवासी आणि वाहने नेणारी फेरीबोट पुढचे दरवाजे उघडे ठेवूनच निघाली आणि बंदराबाहेर पडताच काही मिनिटांत कलंडली. १९३ माणसे गेली. दरवाजे बंद करायचे काम ज्याच्याकडे होते, तो खलाशी झोपलेला होता. मात्र चौकशीत याहून मोठी गोष्ट पुढे आली. दरवाजे बंद आहेत की उघडे, हे ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात, दाखवणारे दिवे बसवावेत, अशी मागणी त्या कंपनीच्या कॅप्टननी अपघाताच्या आधीच केली होती, आणि कार्यालयातल्या साहेबांनी ती थट्टेवारी नेली होती. अपघातानंतर मात्र उरलेल्या जहाजांवर तेच दिवे काही दिवसांतच बसले.

जहाजावरचा माणूस धोका सांगतो आणि तो वरपर्यंत पोहोचत नाही, ही ती दरी होती. पुढे १९९३ मध्ये स्वीकारलेल्या आणि प्रवासी जहाजे, टँकर व बल्क कॅरिअर यांना १ जुलै १९९८ पासून बंधनकारक झालेल्या आयएसएम कोडने, म्हणजे जहाजांच्या सुरक्षित व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीने, ही दरी बुजवण्यासाठी, कंपनीच्या सर्वोच्च व्यवस्थापनापर्यंत थेट जाऊ शकेल अशी किनाऱ्यावरची व्यक्ती नेमणे सक्तीचे केले. आता आपणच विचार करा: कंपनीच्या मालकाला ‘हे जहाज या दुरुस्तीशिवाय निघणार नाही’ असे सांगण्याचे बळ तीन दिवसांत कुठून येणार?

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००७ मध्ये या पदाची पात्रता आणि प्रशिक्षण यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. प्रमाणित जहाज अधिकारी म्हणून घेतलेला समुद्रावरचा अनुभव त्यांत पात्रता म्हणून धरला आहे, म्हणजे चिरंजीवांची आजवरची वर्षे मुळीच वाया जाणार नाहीत. नियमांचे ज्ञान, तपासणीचे आणि प्रश्न विचारण्याचे तंत्र, बोटीवरच्या लोकांशी तसेच वरिष्ठांशी नीट संवाद साधता येणे, आणि निदान एका ऑडिटमधला प्रत्यक्ष सहभाग, या गोष्टी प्रशिक्षणात अपेक्षित आहेत. यांतले नियम वर्गात शिकता येतात, बाकीचे काम करतानाच अंगी येते.

मी स्वतः काही वर्षे अशा विभागात काम केले आहे, म्हणून एक उदाहरण देते. नियमानुसार प्रत्येक अधिकाऱ्याला २४ तासांत किमान १० तास विश्रांती मिळाली पाहिजे. एका जहाजाच्या विश्रांतीच्या नोंदी मी तपासत होते. महिनाभर एकही चूक नाही. मग माल भरतानाचे लॉगबुक शेजारी ठेवले, तर ज्या रात्री चीफ ऑफिसर कागदावर झोपलेले होते, त्याच रात्री दोन आणि चार वाजता लॉगबुकात त्यांची सही होती. जी व्यक्ती स्वतः तशी रात्र जागली आहे, तिलाच दुसरी वही मागावीशी वाटते. त्याहून अवघड काम पुढचे असते: त्या अधिकाऱ्याला दोषी न धरता, जहाजावर माणसे कमी पडतात हे कंपनीकडून मान्य करून घेणे.

म्हणून त्यांनी आधी चीफ मेटची, म्हणजे चीफ ऑफिसर होण्यासाठीची, परीक्षा द्यावी आणि चीफ ऑफिसर म्हणून निदान दोन कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे बोटीवरच्या दोन नेमणुका, कराव्यात. त्यानंतर मुंबईतल्या एखाद्या क्लासिफिकेशन सोसायटीच्या (जहाजांची तपासणी करून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या) प्रशिक्षण केंद्रातून अंतर्गत ऑडिटरचा कोर्स करावा आणि सुरक्षा विभागात कनिष्ठ पदावर रुजू व्हावे. डीपीएचा कोर्स तेव्हा घेतला, तर त्यातले प्रत्येक वाक्य त्यांना ओळखीचे वाटेल. पगाराबाबत इतकेच, की अनिवासी म्हणून मिळणारी आयकराची सवलत किनाऱ्यावर राहत नाही.

होणाऱ्या सूनबाईंनाही एक गोष्ट आताच सांगून ठेवावी. ही दहा ते पाचची नोकरी नाही. जहाज जगाच्या दुसऱ्या टोकाला असते, त्यामुळे फोन मध्यरात्री दोनलाही वाजतो आणि तो घ्यावाच लागतो.

चिरंजीवांच्या जहाजावर मेसरूममध्ये, म्हणजे जेवणाच्या खोलीत, डीपीएचे नाव आणि चोवीस तास चालू असणारा फोन क्रमांक लावलेला असेल. त्या क्रमांकावर आजवर कुणी फोन केला आहे का, आणि केला नसेल तर का केला नाही, हे त्यांनी खलाशांना सहज गप्पांत विचारावे. जे उत्तर मिळेल, ते त्यांनी मला अवश्य कळवावे. पुढचे बोलणे आपण तिथूनच सुरू करू.