म्युनिकला जाऊन गाडी चालवायची असेल तर

तुम्ही विचारलंय की गोरेगावहून म्युनिकला निघालोय, सोबत बायको आणि दुसरीतला मुलगा, मुंबईत दहा वर्षं गाडी चालवलीय, तर उजव्या बाजूने चालवणं जमेल का आणि पोचल्या पोचल्या गाडी घ्यावी का. भारतीय लायसन्सची सहा महिन्यांची मुदत, इंटरनॅशनल परमिट, डोळ्यांची तपासणी, प्रथमोपचाराचा कोर्स हे सगळं सरकारी पानांवर आहे, ते तिथे वाचा. मी सध्या जर्मनीहून सुट्टीत दादरला माहेरी आलेय. तुमचा प्रश्न वाचल्यापासून तो डोक्यातून जात नाही, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

जमेल. हात लवकर शिकतात. क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर यांचा क्रम तोच असतो. गिअर उजव्या हाताला येतो. पहिला गिअर तिथेही डावीकडे वरच, फक्त इथे तो आपल्यापासून लांब असतो आणि तिथे जवळ. इंडिकेटरची दांडी डावीकडे असते, त्यामुळे मारुतीची सवय असलेला माणूस वळताना वायपर चालू करतो. त्याने कोणाचं काही बिघडत नाही. अंदाज चुकतो तो गाडीच्या रुंदीचा. आपल्याला गाडीचा बराचसा भाग डावीकडे असण्याची सवय, तिथे तो उजवीकडे असतो, आणि नकळत गाडी उजवीकडे उभ्या असलेल्या गाड्यांना घासायला जाते. शेजारी बायकोला बसवा आणि तिच्या बाजूला किती जागा आहे ते तिला सांगत राहायला सांगा. एवढंच धरून ठेवा की रस्त्याचा मध्य नेहमी चालकाच्या बाजूला असला पाहिजे.

किंग्ज सर्कलच्या गोल चौकात आपण घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, तिथे उलट. डावीकडे वळणं हे तिथलं मोठं वळण, समोरून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. पाटी किंवा सिग्नल नसलेल्या गल्लीच्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग ती गल्ली कितीही छोटी असो. उजवीकडे वळताना मान पूर्ण मागे वळवून सायकलवाला बघायचा, आरशावर विसंबायचं नाही. महामार्गावर वाहतूक तुंबू लागली की थांबायच्या आधीच सर्वांत डावीकडच्या लेनने डावीकडे आणि बाकी सगळ्यांनी उजवीकडे सरकून मधे रुग्णवाहिकेला वाट ठेवायची. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला सायनला अडकलेल्या रुग्णवाहिका आठवल्या आणि फार वाईट वाटलं.

पण खरा धोका पहिल्या महिन्यात नसतो, कारण तेव्हा तुम्ही घाबरलेले असता. स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ ला अख्खा देश डावीकडून उजवीकडे नेला. सुरुवातीला अपघात वाढण्याऐवजी कमी झाले, आणि लोकांना सवय झाल्यावर पुन्हा पूर्वीसारखे होऊ लागले. माझा अनुभव तसाच आहे. भीती गेली की जुनी बाजू परत येते : पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर, पेट्रोल पंपातून बाहेर पडताना, मुंबईची सुट्टी संपवून परतल्यावर. समोर दुसरी गाडी असली की तिच्यामागे आपण बरोबर जातो. रस्ता रिकामा असला की सांभाळा.

आता कागदांचं. लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते, गाडी चालवण्याची परीक्षा जर्मनमध्ये. मुंबईत इतकी वर्षं गाडी चालवलेल्या बाईला पुन्हा शिकाऊ म्हणून बसावं लागतं, हे मी मान्य केलं. पण तिथल्या कार्यालयाने माझं लायसन्स खरं असल्याचा आणखी एक कागद मागितला, आणि त्यासाठी माझे निवृत्त बाबा आरटीओच्या रांगेत उभे राहिले. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर, मग पुढच्या आठवड्यात या. ज्यांनी मला रविवारी सकाळी शिवडीच्या रस्त्यांवर गाडी शिकवली, त्यांना मला गाडी येते हे सिद्ध करायला उभं राहावं लागलं. ते कधी बोलले नाहीत. माझ्या मनातून ते गेलेलं नाही.

मुलाचंही ऐका, कारण तुमचा दुसरीत आहे. बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, चौथीत ठरतं पुढे कुठली शाळा ते. गिम्नाझियमसाठी, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेसाठी, जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांच्या श्रेणींची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली लागते. १ ही सर्वांत चांगली श्रेणी. माझ्या मुलीचं गणित उत्तम होतं, जर्मन मागे पडलं, आणि दहा वर्षांच्या पोरीला वर्गशिक्षिकेने थेट सांगितलं की तुला झेपणार नाही. ती नंतर दुसऱ्या वाटेने पुढे गेली, आज छान शिकतेय. तरी मला ते वाक्य आठवलं की संताप येतो. पोचल्या दिवसापासून मुलाच्या जर्मनवर पैसे आणि वेळ घाला. गाडीआधी ते.

तिथे मुलं शाळेत एकटी चालत जातात, शाळाही तेच सांगते. आपण इथे रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे बघायला शिकवलेलं असतं, तिथे गाडी आधी डावीकडून येते. शाळा सुरू होण्याआधी रोज त्याच्याबरोबर तो रस्ता चाला. आजी-आजोबा येतील तेव्हा त्यांनाही सांगा, त्यांची सवय बदलत नाही. माझ्या मुलीची मात्र पुरती बदलली. काल प्लाझासमोर ती डावीकडे बघून सरळ उतरली आणि मी तिला दंडाला धरून मागे ओढलं. ती चिडली, सोळा वर्षांची आहे. ज्या रस्त्यावर मी वाढले तिथे तिला सोडायला मी घाबरते, याचं काय करायचं ते मला कळलेलं नाही.

एकटेपणाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण सगळे विचारतात. पहिला हिवाळा जड जातो, मग मराठी माणसं भेटतात, गणपती बसतो. निभतं.

गाडी लगेच घेऊ नका, म्युनिकची मेट्रो आणि लोकल पुरेशा आहेत. भाड्याने घेतलीत तर ऑटोमॅटिक हवी असं आधीच सांगा, नाहीतर बऱ्याचदा गिअरवाली हातात पडते. आणि लायसन्सचा अधिकृत उतारा, म्हणजे डीएल एक्स्ट्रॅक्ट, मुंबईत असतानाच स्वतः काढून घ्या. वडिलांवर ठेवू नका.