वॉर्साचं जुनं शहर युद्धानंतर बांधलेलं आहे, मग ते बघण्यात अर्थ आहे का?

तुमच्याकडे पोलंडमधल्या वॉर्सासाठी एकच दिवस आहे, आणि जुनं शहर 'नकली' असल्याचं वाचून तुम्ही ते वगळून थेट क्राको गाठायच्या विचारात आहात. वगळू नका. अर्धा दिवस द्या, पण काय बघायचं ते ठरवून जा. 'नकली' या शेऱ्यावरून मी वर्षानुवर्षं वाद घालत आलोय, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

1944 मध्ये जर्मन ताब्याविरुद्ध वॉर्सात उठाव झाला, त्यात जुन्या शहराच्या गल्ल्यांमध्ये घराघरातून लढाई झाली. 2 सप्टेंबरला हा भाग पडला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला उठाव संपला आणि त्यानंतर जर्मन पथकांनी उरलेलं वॉर्सा पद्धतशीर जाळलं, सुरुंग लावून उडवलं. ग्रंथालयं आणि दफ्तरखानेसुद्धा सोडले नाहीत. एरवी संवर्धनवाले सांगतात की पडलेलं पडलेलंच राखा, त्याची प्रतिकृती उभारू नका. राजधानी पुनर्बांधणी कार्यालयात ऐतिहासिक वास्तूंचा विभाग यान झाख्वातोविच यांच्याकडे होता. त्यांनी हा नियम जाणूनबुजून बाजूला ठेवला. शहर म्हातारपणानं पडलं नव्हतं, ते पुसण्यासाठी पाडलं होतं. ते तसंच ठेवणं म्हणजे पाडणाऱ्याचं काम पूर्ण होऊ देणं. मला हा युक्तिवाद आजही पूर्ण पटतो.

आता एक गैरसमज. अठराव्या शतकातला इटालियन चित्रकार बेर्नार्दो बेलोत्तो, ज्याला तिथं कानालेत्तो म्हणतात, त्याची चित्रं बघून जुनं शहर उभारलं असं गाइड सर्रास सांगतात. बेलोत्तोनं जुन्या शहराच्या मधला बाजारचौक रंगवलेलाच नाही. त्याची चित्रं क्राकोव्स्किए प्शेद्मिएश्चे आणि मिओदोव्हा या बाहेरच्या रस्त्यांसाठी कामी आली. जुन्या शहराचा खरा आधार म्हणजे वॉर्सा पॉलिटेक्निकच्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी युद्धाआधी घरोघरी जाऊन फुटपट्टीनं मोजून काढलेले नकाशे. त्या कामामागचे प्राध्यापक ऑस्कर सोस्नोव्स्की 1939 मध्येच मारले गेले. उठावानंतर नकाशे शहराबाहेर काढले आणि पिओत्रकूफ गावातल्या मठाच्या थडग्यांमध्ये लपवले. ते वाचले म्हणून खिडक्यांची मापं जुळली.

पण सगळं मापाबरहुकूम बांधलं असंही नाही, आणि बघण्यासारखी गंमत त्यातच आहे. एकोणिसाव्या शतकात घरांमागे ठासून बांधलेल्या चाळवजा इमारती परत उभारल्याच नाहीत. चौकातल्या एखाद्या कमानीतून आत शिरा. मागं मोकळं अंगण, साधं प्लास्टर, 1950 च्या दशकातली कामगारांची घरं. पुढच्या भिंतींवरची रंगचित्रं आणि प्लास्टर खरवडून केलेली नक्षी त्या काळच्या चित्रकारांची आहे. चौक 22 जुलै 1953 ला खुला झाला, तेव्हाची ती कला आहे. सेंट जॉन कॅथीड्रलला युद्धाआधी एकोणिसाव्या शतकातला इंग्लिश गॉथिक दर्शनी भाग होता. तो टाकून साधा विटांचा माझोव्हियन गॉथिक, म्हणजे वॉर्साच्या परिसरातल्या जुन्या शैलीतला, उभारला. बार्बिकन, म्हणजे तटाबाहेरचा वेशीचा बुरूज, तर युद्धाच्या कितीतरी आधीच बहुतेक पाडलेलं होतं, ते 1950 च्या दशकात पुन्हा उभं राहिलं.

चालायचा क्रम असा ठेवा. ट्रामनं 'स्तारे मिआस्तो' थांब्यावर उतरा. तिथून सरकता जिना थेट राजवाड्याच्या चौकात नेतो. हा जिना आणि खालचा बोगदा मूळचा 1949 चा. वर झिग्मुंट राजाचा स्तंभ आहे. मूळ 1644 चा, 1944 मध्ये पाडला, आज राजा उभा आहे तो तिसऱ्या खांबावर. आधीचे दोन्ही खांब राजवाड्याच्या बाजूला आडवे पडलेत. बहुतेक लोक सेल्फी काढून पुढं जातात. तुम्ही जवळ जा, तुटलेल्या कडा बघा. मग कॅथीड्रलच्या बाजूच्या झेकानिया गल्लीत वळा. तिथं भिंतीत जर्मनांच्या एका दूरनियंत्रित सुरुंगगाडीच्या लोखंडी पट्ट्याचा तुकडा बसवलाय. त्यानंतर ब्झोझोव्हा रस्त्यावरचं पुनर्बांधणीचं छोटं संग्रहालय. बाजारचौकाच्या आधी हे करा, म्हणजे चौकात भिंती वाचता येतात. सोमवार टाळा, संग्रहालयं बंद असतात. दगडी फरसबंदीवर चाकांची बॅग ओढत नेऊ नका, चाकं निघतात. आणि चौकातल्या हॉटेलांत जेवू नका, महाग आणि सुमार.

दुसरी बाजूही सांगायला हवी. विटा कमी पडल्या तेव्हा व्रोत्सवाफ, निसा अशा आधी जर्मनीत असलेल्या गावांतल्या इमारती पाडून आणल्या. बार्बिकनमध्येही त्या आहेत. दुरुस्त होऊ शकणाऱ्या इमारतीही त्यात गेल्या आणि त्या गावांनी ते अजून विसरलेलं नाही. काय उभारायचं आणि काय गाळायचं हे तेव्हाच्या सरकारच्या सोयीनंही ठरलं. राजवाडाच घ्या, त्याच्या उभारणीचा निर्णय थेट 1971 मध्ये झाला आणि पैसा लोकांच्या देणग्यांतून आला. युनेस्कोनं 1980 मध्ये जुनं शहर जागतिक वारशात घेतलं तेही या पुनर्बांधणीसाठी. त्यामुळे तिथं मध्ययुग शोधायला जाणाऱ्याची निराशा होणारच.

मध्ययुगीन दगडच बघायचा असेल तर क्राको, त्यात वाद नाही. जलद गाडी साधारण अडीच तासांत पोचवते. सकाळी जुनं शहर करून दुपारची गाडी आरामात मिळेल.