डबल ट्रॉली ऊस ओढताना जुना ट्रॅक्टर चढाला गरम होतो, काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ट्रॅक्टर २००१ सालचा, ५० एचपीचा. सपाटीला ठीक चालतो, पण दोन ट्रॉल्या भरून चढाला लागला की हीटचा काटा लाल पट्ट्यात जातो. एक फिटर म्हणतो हेड (इंजिनाचा सिलिंडरांवरचा भाग) खोला, दुसरा म्हणतो थर्मोस्टॅट (पाणी तापलं की उघडणारी झडप) काढून टाका.

हेड एवढ्यात खोलू नका. आणि थर्मोस्टॅट तर काढूच नका.

मी वाळवा तालुक्यातला. आमच्या घरचा ट्रॅक्टरही साधारण तुमच्याच वयाचा आहे आणि दर हंगामाला ऊस ओढतो. एका जानेवारीत त्यानं हेच सुरू केलं. शिराळ्याकडच्या चढाला अर्ध्यात आलो की काटा वर, आणि इंजिनाचं पाणी थंड करणाऱ्या रेडिएटरच्या झाकणातून सूं सूं आवाज. फिटरनं पंख्याचा बेल्ट बदलला, झाकण बदललं, मग वॉटर पंप बदलला, आणि तरीही काटा तिथंच. शेवटी एका रात्री कारखान्याच्या वजनकाट्यावर नंबर लागायची वाट बघत बसलो होतो. वेळ होता म्हणून पुढची जाळी काढली आणि पंख्याच्या बाजूनं बॅटरी मारली. पुढून रेडिएटरमधून बघितलं तर उजेड फक्त वरच्या चार बोटांतून येत होता, खाली सगळा अंधार. नखानं खरवडलं तर गोधडीच्या तुकड्यासारखा थर सुटून हातात आला: पाचटाची कुसळं, फडातली काळी माती आणि इंजिनाच्या ब्रीदरमधून (आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) उडालेलं तेल, सगळं एकजीव झालेलं. बाहेरून जाळी मात्र स्वच्छ, कारण ती रोज पुसत होतो.

म्हणून आधी हे बॅटरीचं बघा, याला एक रुपया लागत नाही. धुताना इंजिन थंड पाहिजे आणि पाणी पंख्याच्या बाजूनं पुढच्या दिशेला मारायचं, म्हणजे घाण आली त्याच वाटेनं परत जाते. तेलकट असेल तर आधी साबणाचं पाणी फवारून थोडा वेळ मुरू द्या. वॉशिंगवाल्याची प्रेशर गन जवळून मारू नका. रेडिएटरच्या पातळ पत्र्या वाकतात आणि मग हवा कायमची अडते. हंगामात आम्ही हे दर आठवड्याला करतो, आणि फड वाळलेला असेल, पाचट उडत असेल, तर दोन दिवसांनी.

आता चढाचं गणित सांगतो, कारण निम्मा दोष ट्रॅक्टरचा नसून गिअरचा असतो. ऊस, दोन रिकाम्या ट्रॉल्या आणि ट्रॅक्टर मिळून २५ टन धरा. शंभर फुटांना चार फूट चढ असेल आणि रस्ता बरा असेल, तर ताशी १० किलोमीटरनं चढायला चाकांवर सुमारे ५५ एचपी लागते. तुमच्याकडे आहेत ५०. तोच चढ ताशी ५ नं घेतला तर २७-२८ एचपीत भागतं. लागणारी एचपी निम्मी, म्हणजे दर मिनिटाला जळणारं डिझेलही कमी आणि पाण्यात जाणारी उष्णताही कमी. पण खालच्या गिअरमुळे इंजिनाचे फेरे तेवढेच राहतात, त्यामुळे पंखा आणि वॉटर पंप पूर्वीसारखेच फिरतात. आमचा ड्रायव्हर वरच्या गिअरवर इंजिन गुडगुडत, थरथरत चढवायचा. त्याला वाटायचं आवाज कमी म्हणजे इंजिनाला त्रास कमी. खरं तर तेव्हाच पंखा मंद आणि ओझं पूर्ण असतं. चढ सुरू व्हायच्या आधीच गिअर खाली घ्या. मध्येच बदलायला गेलात तर ट्रॉली मागे ओढते.

पाण्याचं सांगायलाच हवं. आपल्याकडे नदीकाठच्या क्षारपड पट्ट्यात बोअरचं पाणी कसं असतं ते गिझरची कॉइल बघितली की कळतं. तेच पाणी आपण रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं ओततो. आतल्या नळ्यांना खडूसारखा थर बसतो आणि उष्णता बाहेर पडत नाही. तपासायचं असेल तर ट्रॅक्टर चांगला तापवा, बंद करा, पंखा पूर्ण थांबू द्या आणि रेडिएटरवर जपून हात फिरवा. मधेच एखादा पट्टा बऱ्यापैकी थंड लागला तर तिथल्या नळ्या बुजल्यात. मग रेडिएटरवाल्याकडून आतून साफ करून घ्या, आणि परत भरताना डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मंनिम्मं. कूलंटला लोक फॅशन समजतात. त्यानं उकळबिंदू तर वाढतोच, शिवाय लायनरला (पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळकांड्याला) बाहेरून बारीक भोकं पडणंही कमी होतं. तसा भोकं पडलेला लायनर एकदा हातात घेऊन बघितला की कूलंटचे पैसे जड वाटत नाहीत.

झाकणही किरकोळ समजू नका. त्यावर ०.९ (बार) असा आकडा असेल तर तेवढ्या दाबाला पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. रबर फाटलं किंवा स्प्रिंग ढिली झाली की तेच पाणी शंभराच्या आतबाहेर उकळायला लागतं. बदलताना तोच आकडा बघून घ्या, जास्त दाबाचं लावून जुना रेडिएटर फाडून घेऊ नका. खालचा होज पाइपही बघा. गाडी रेस केल्यावर तो चपटा होत असेल तर आतली स्प्रिंग गंजून गेलेली असते आणि नेमकं जास्त पाणी लागतं तेव्हाच वाट अडते. बेल्ट अंगठ्यानं दाबल्यावर साधारण अर्धा इंच दबला पाहिजे.

थर्मोस्टॅट का काढायचा नाही? इंजिन लवकर गरम होऊन एका ठरावीक तापमानावर राहावं म्हणून तो असतो. काढला तर थंडीत इंजिन अर्धवट गरम राहतं, तेलात गाळ धरतो, झीज वाढते. काही इंजिनांत तर तो नसला की बरंचसं पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आतच फिरतं, म्हणजे रोगापेक्षा औषध भारी. शंका असेल तर काढून पातेल्यात दोऱ्यानं टांगा, बुडाला टेकू देऊ नका, आणि थर्मामीटर घालून पाणी तापवा. शिक्का ८२ अंशांचा असेल तर त्याच्या आसपास तोंड उघडायला लागलं पाहिजे आणि पाणी उकळायच्या आत बऱ्यापैकी मोकळं झालं पाहिजे. नाही उघडला तर नवीन घाला. घरच्या चहाच्या पातेल्यात हा प्रयोग करू नका, आमच्याकडे त्यावरून झालेली चर्चा हंगामभर पुरली.

धूर कोणत्या रंगाचा येतो ते तुम्ही लिहिलं नाही. चढाला काळा धूर येत असेल तर आधी एअर क्लीनर साफ करा, ऑइल बाथ (हवा तेलातून गाळणारा) असेल तर तेलही बदला. आणि आठवून बघा, कुणी इंजिनाच्या फ्युएल पंपाचं डिझेल वाढवून दिलंय का? आमच्याकडे एका मिस्त्रीनं "ओढ वाढेल" म्हणून वाढवलं होतं. ओढ थोडी वाढली, धूर भरपूर आणि हीट त्याहून जास्त. चांगल्या पंपवाल्याकडून परत कंपनीच्या मापावर आणावं लागलं.

ट्रॉलीकडे कुणी बघत नाही. एक खेप झाल्यावर प्रत्येक चाकाच्या हबजवळ हात न्या. एखादा हब चटका देण्याइतका तापला असेल तर बेअरिंग कोरडं आहे किंवा ब्रेक अडकलाय, आणि ते ओझं तुमचं इंजिन फुकट ओढतंय. टायरमधली हवाही तशीच.

हेडचा नंबर सगळ्यात शेवटी. इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून चालू करा आणि पाण्यात बघा. बुडबुडे सतत येत राहिले, पाणी कुठं गळत नसताना रोज कमी होत असेल किंवा डिपस्टिकवरचं तेल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर बहुतेक हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग) गेलंय आणि तुमचा पहिला फिटर बरोबर होता. तसं असेल तर पुढची खेप भरू नका.

चढावरच काटा लाल झाला तर बाजूला घ्या, हँडब्रेक लावा, दोन्ही ट्रॉल्यांच्या चाकांमागे उटी (दगड किंवा ठोकळा) लावा, आणि इंजिन लगेच बंद न करता न्यूट्रलला मध्यम रेसवर चालू ठेवा, म्हणजे पंखा आणि पंप फिरत राहतील. बेल्ट तुटला असेल किंवा पाणी बाहेर पडलं असेल तर मात्र ताबडतोब बंद. झाकणाला अर्धा तास हात लावायचा नाही. नंतर उघडलंत तरी जाड गोणपाट धरून, आधी थोडंसं फिरवून वाफ जाऊ द्या. आणि शेजारच्या पाटातली थंडगार बादली इंजिनावर ओतायला कुणीतरी धावत येईलच, त्याला लांबूनच थांबवा. तापलेलं हेड तडकतं ते बहुतेक अशाच मदतीनं.