टांगलेले कप

प्रिय,

पत्र आणि सोबतचं तुझ्या नव्या रचनेचं नोटेशन मिळालं. नोटेशन दोनदा वाचलं. ‘आजच्या समाजाला संगीतकाराचा उपयोग काय?’ हा तुझा प्रश्न मात्र अडकून राहिला. कारण ‘समाज’ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे कुणीच येत नाही.

१९५८ साली अमेरिकेत संगीतकार मिल्टन बॅबिट यांनी एक लेख लिहिला. नवं संगीत आता तज्ज्ञांचा विषय झालंय, तेव्हा संगीतकाराने जाहीर मैफलींचा नाद सोडून विद्यापीठाचा आसरा घ्यावा, असं त्यांचं म्हणणं. संपादकांनी ‘तुम्ही ऐका नाहीतर राहू द्या, पर्वा कुणाला?’ अशा अर्थाचा मथळा दिला आणि तो बॅबिट यांना जन्माचा चिकटला. बिचारे! प्रयोगाला आडोसा लागतोच की.

त्याच वर्षी जूनमध्ये इंग्लंडमधल्या ऑर्फर्डच्या चर्चमध्ये संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांचा बायबलमधल्या नोआच्या प्रलयावरचा ऑपेरा झाला. गाणारी-वाजवणारी बहुतेक मुलंच. पावसाचे पहिले थेंब हवेत, म्हणून दोरीला चिनी मातीचे कप टांगले आणि ते लाकडी चमच्यांनी वाजवले. त्याहून मला भावतं ते व्हायोलिनचं काम. अगदी नवशिक्यांसाठी वेगळा भाग, त्यात बराच वेळ नुसत्या मोकळ्या तारा, बोटांनी न दाबता वाजवायच्या. काल शिकायला लागलेलं पोरही त्या प्रलयात सामील. प्रेक्षकही बसल्या जागी स्तोत्रं गातात.

तुझ्या वयात मी एका हौशी गायकवृंदासाठी रचना केली होती. आल्टो, म्हणजे खालच्या पट्टीतला भाग, गाणाऱ्या बायकांना दम घ्यायला जागाच ठेवली नव्हती. कुणी तक्रार केली नाही. दुसऱ्या तालमीला निम्म्याच आल्या.

आणि हो, रचनेचं ‘निर्वासितांसाठी’ हे नाव तूर्त खोडून टाक. पोलिश संगीतकार पेंडेरेत्स्की यांच्या ५२ तंतुवाद्यांच्या रचनेचं पहिलं नाव नुसती तिची लांबी होती: ८ मिनिटं ३७ सेकंद. प्रत्यक्ष ऐकल्यावर त्यांनी ती हिरोशिमाच्या बळींना वाहिली. तुझ्याकडे नाव आधी आलंय आणि सूर त्याच्यामागून फरफटतायत, विशेषतः तिसऱ्या पानावर.

पुढच्या पत्रात एवढंच लिही: हे वाजवणार कोण, किती जण आणि त्यांना काय काय वाजवता येतं. मग तिसरं पान पुन्हा काढू.

तुझा,
जुना मास्तर