वजनाचा हिशेब

नेरुळ

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

११ ऑक्टोबर २०२४ ला उलव्याच्या नव्या धावपट्टीवर हवाई दलाचं मालवाहू सी-२९५ उतरलं, तेव्हा गच्चीवरून फोन करून तू लढाऊ सुखोई विमानाबद्दलच बोलत होतीस. आता विचारतेस, मालवाहू विमानांकडे जाऊ का? जा. मी लोडमास्टर म्हणून, म्हणजे विमानातला माल आणि वजन सांभाळत, त्यातच आयुष्य काढलं, आणि पुन्हा तेच निवडेन.

पण आधी वही उघड. उलव्याची पट्टी खाडीला लागून, जवळजवळ समुद्रसपाटीवर, ३,७०० मीटर लांब. लडाखमधल्या दौलत बेग ओल्डीची पट्टी कच्ची, १६,६१४ फुटांवर. २० ऑगस्ट २०१३ ला हवाई दलानं तिथे सी-१३०जे हे मालवाहू विमान उतरवलं. तिथली हवा आपल्याकडच्या साधारण ६० टक्के घनतेची. विमानातल्या वेगाच्या काट्यावर वेग नेहमीचाच दिसतो, पण वारा नसेल तर जमिनीवरून विमान जवळजवळ तीस टक्के जास्त वेगानं धावत असतं. आता वेगाचा वर्ग कर, म्हणजे थांबवायला किती जास्त ऊर्जा जिरवावी लागते ते कळेल. हे पाठ करू नकोस, सोडव.

आपला पाऊसही सोपा समजू नकोस. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगायला लागला की ब्रेक दाबून उपयोग नसतो. म्हणून ओल्या पट्टीवर अलगद उतरायचं नसतं. चाकं ठामपणे टेकवायची, पाण्याचा थर फोडून टायर डांबराला भिडला पाहिजे.

अंधाराचं म्हणशील, तर एप्रिल २०२३ मध्ये सुदानच्या वादी सय्यिदनाला दिवे नसलेल्या पट्टीवर आपल्या लोकांनी रात्री सी-१३०जे उतरवलं. अडथळे आहेत का ते आधी इन्फ्रारेडनं पाहिलं, माणसं चढेपर्यंत इंजिनं चालू ठेवली आणि लढाईत अडकलेल्या १२१ जणांना बाहेर काढलं.

मला मात्र लेहची एक सकाळ आठवते. चंदीगडच्या धुक्यामुळे आमचं मालवाहू एएन-३२ उशिरा पोचलं होतं. परत निघेपर्यंत ऊन चढलं. हवा तापली की आणखी विरळ होते, आणि तेवढं वजन घेऊन उड्डाण करणं हिशेबात बसेना. मी माल आधीच कमी केला होता. आता सुट्टीवर निघालेल्या पाच जवानांना उतरवायचं होतं; एकाच्या बहिणीचं लग्न होतं. मी म्हणालो, "साहेब, पाच माणसांनी काय होतंय?" कॅप्टननी काही न बोलता तक्त्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. मग हे काम माझ्यावर न टाकता ते स्वतः मागे आले, त्या मुलासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आज नाही जमणार." सबब सांगितली नाही. तो मुलगा बॅग उचलून रॅम्पवरून उतरला, ते मला अजून दिसतं. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या विमानात त्याचा पट्टा मीच बांधला.

रविवारी सकाळी ये. गणितातल्या सगळ्या पायऱ्या लिहून आण, नुसतं उत्तर नको.

तुझा,
काका